पहाटेचं माप

सीबीडी बेलापूर,
६ जानेवारी १९९८

ती. दिनानाथकाकांना साष्टांग नमस्कार.

विमलकाकींचा गुडघा आता कसा आहे? तुम्ही रिटायर झाल्यापासून यार्डातल्या चहाला चव नाही, आणि तुमच्या जागी आलेला फिटर शाफ्टपेक्षा स्वतःच्या केसांकडे जास्त बघतो. मी आहे तशीच, तापट.

येत्या शनिवारी वाशीला जहाजबांधणीच्या इंजिनिअरांची परिषद आहे. मी पुन्हा पेपर वाचणार आहे.

गेल्या वर्षीचं बोलायचं टाळत आले, आता लिहितेच. त्या टगबोटीचा, इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा शाफ्ट तीनदा जुळवला तरी थरथरायचा. आम्ही इंजिनिअर साडेनऊला येणार, चहा पिणार, अकराला मोजणार. तुम्ही म्हणालात, "पोरी, उनानं डेक तापला हाय, बोटीची पाठ वाकली हाय. दिस वर यायच्या आदी मोज." पहाटे साडेपाचला मोजून शाफ्ट जुळवला आणि बोट शांत झाली.

त्यावर मी पेपर लिहिला, बक्षीस घेतलं. हॉलमध्ये कुणी विचारलं, पहाटे मोजायचं सुचलं कसं? मी म्हणाले, "आकडे तपासताना लक्षात आलं." तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून कौतुकानं आला होतात. पास नाही म्हणून दाराशीच अडवलं होतं तुम्हाला. मी पाहिलं होतं, काका. पाहूनही आत बोलावलं नाही. त्याची मला रोज लाज वाटते.

यंदा त्याच मापावर, आणखी चार बोटींचे आकडे घेऊन लिहिलंय. पहिलं नाव तुमचं. समितीतून फोन आला, "हुद्दा फिटर? मॅडम, आभारात टाका ना." मी सांगितलं, नाव वरच राहील, नाहीतर पेपर परत पाठवा. आठ दिवस कुरकुरले. काल छापील पुस्तिका आली. सोबत पाठवतेय, पान सतरा बघा. तुमचा पासही आत आहे.

माफी मागते. द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. पण शनिवारी पेपर मी वाचीन आणि प्रश्नांची उत्तरं तुम्ही द्यायची, तुमच्या बोलीत. पहाटे मोजायचं सुचलं कसं, हा प्रश्न कुणी विचारला नाही तर मीच विचारीन. व्यासपीठावर दोन खुर्च्या मांडायला सांगितल्यात. तुम्ही आला नाहीत, तर ती खुर्ची कुणाची आणि का रिकामी आहे, हे मी माईकवर सांगणार.

काकींना नमस्कार.

पान सतरावर तुमच्या नावाखाली जिचं नाव आहे, ती
गीतांजली