चिंचेच्या वाटीतला राजा

२ ऑक्टो., गुरु. दसरा
सासूबाईंचं मनगट मुरगळलंय, म्हणून देव पुसायचं काम माझ्याकडे. लग्नाला अठरा वर्षं झाली, आज पहिल्यांदा देव्हाऱ्यातलं तांब्याचं नाणं हातात आलं. त्यांच्या आईने दिलेलं. लक्ष्मीपूजनाला पाटावर तेच लागतं, एरवी मला हात लावायची सोय नाही. एका बाजूला इंग्रजांचा राजा. उलटं केलं. तिकडेही तोच राजा, पण खोल गेलेला आणि तोंड उलट दिशेला!
माझ्या झेरॉक्सच्या दुकानाच्या गल्ल्यातून इतकी वर्षं चुकलेली नाणी वेचतेय, मला कुणी सांगायला नको. आधीचं नाणं साच्यात अडकलं, त्याचा ठसा यावर बसला. टांकसाळीची चूक, शंभर टक्के.

५ ऑक्टो., रवि.
ह्यांना दाखवलं. "कुणीतरी हातोडीने ठोकलं असेल." दिवसभर कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या माणसाला सगळं ठोकलेलंच दिसतं.
सा.बाईंना विचारलं, विकू का? "बगू गं. दिवाळी तर हू दे."
म्हणजे हो. मी तरी हो धरलं.

११ ऑक्टो., शनि.
खोपोलीला पाटकरकाकांकडे. जुनी नाणी घेतात-विकतात. भिंग लावून बघत बसले. चूक अस्सल. (सांगितलं होतं.) मग एकदम, "हे घासतं कोण?"
कोण म्हणजे काय. दर दिवाळीला सा.बाई, चिंच, मीठ, राख. वरच्या राजाचं नाक-कान साफ गेलंय, तांब्याचा जुना तपकिरी रंगही. खोलातला राजा मात्र जसाच्या तसा, तिथे बोट पोचतच नाही. काका म्हणाले, "टांकसाळीत चुकलं तर किंमत चढते बाई, घरात चुकलं तर उतरते."
न घासलेलं असतं तर दुकानात दोन रंगीत प्रिंटर आले असते. आता एक येईल. चालेल. पुण्याचं गिऱ्हाईक भाऊबीजेनंतर येणार. अट एकच, आता पाणीसुद्धा लावायचं नाही. आणखी एकदा घासलं की सौदा मोडला.
रंग परत चढवून देणारे असतात म्हणे. ते आपल्याच्याने होणार नाही. आहे तसं विकीन.

१७ ऑक्टो., शुक्र. वसुबारस
सा.बाईंशी सरळ बोलले. यंदा घासू नका.
"बिनआंगोळीची लक्ष्मी पाटावर बशिवू? काय बोलतेस गं?"
घासून घासून झिजवलंत, म्हटलं.
"मंग? पाया पडून उंबरा बी झिजतो. त्याला कोन खराब झाला म्हनतं?"
मी जास्तच चिडले. पण हट्टात मी त्यांचीच सून. आणि त्यांचा हात अजून धड वळत नाही. घासणार कशा?

१९ ऑक्टो., रवि.
बेत पक्का. माझ्या नाण्यांच्या डब्यात तेवढंच तांब्याचं, पण बिनचुकीचं नाणं आहे, साधा पाव आणा, त्यावरही राजा. तो घासून पाटावर ठेवायचा, खरं नाणं कपाटात. त्यांना चष्म्याशिवाय कळायचं नाही. थोडं वाईट वाटतंय. थोडंच.

२१ ऑक्टो., मंगळ. लक्ष्मीपूजन
साधा पाव आणा कनवटीला लावून देव्हाऱ्याकडे निघाले, तर सा.बाई आधीच स्वयंपाकघरात. वाटीत चिंच भिजत घातलेली. नाणं त्यांच्या मुठीत.
"हात वळत नाय गं," म्हणाल्या. माझी मूठ उघडली, नाणं ठेवलं आणि बोटं मिटवली. "आयेनं मला दिलं तवा ती बी अशीच दमली व्हती. आजपास्नं हे तुजं. तूच घास."
आणि रांगोळी काढायला बाहेर. मागे वळूनही बघितलं नाही.
अठरा वर्षं ज्याला हात लावू दिला नाही, ते माझं! डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. कनवटीचा पाव आणा टोचत होता, तो काढून डब्यात टाकला. एवढं तरी ठरलं.
पुण्याचा फोन येऊन गेला, शुक्रवारी नक्की येतोय म्हणतो. चिंच भिजून मऊ झालीय. नाणं अजून कोरडं आहे, माझ्या हातात.
अंगणातून हाक, "झालं का गं?"
येते म्हटलं.