सरळ झालेला नीरज

१२ जुलै
नीरज आज एकटा बसमध्ये चढला! पवनारहून वर्ध्याला, समुपदेशन करणाऱ्या मॅडमकडे. कॉलेज सुटल्यापासून माझा हा भाऊ खोलीबाहेर पडत नव्हता. परत आल्यावर विचारलं, काय झालं तिथं? "काही नाई. रडलो. त्यायनं रडू देलं." मग त्यानंच भाकर मागितली. वांग्याच्या भाजीशी पोटभर जेवला.

२ ऑगस्ट
बाबा चिडले — "बोलून कोण बरं होते? गोळी नाई, सुई नाई, नुसत्या गोष्टी!" मी म्हटलं, बाबा, तो हसायला लागलाय. "हसते, पण वावरात येते का?" कैलासमामानं कुठल्याशा सुधार केंद्राचा नंबर दिलाय. तिथं पोरं सरळ करतात म्हणे.

१६ ऑगस्ट
नेलं त्याला. वर्ध्याला जायला शर्ट घालत होता — चार माणसं घरात शिरली. बाबांनीच बोलावलेली. "ताई, मी जाऊन राह्यलो ना मॅडमकडे! माह्या मनानं जाऊन राह्यलो ना!" मी त्याचा दंड धरला. एकानं माझी बोटं सोडवली. आई चुलीपुढून उठलीच नाही.

१९ ऑगस्ट
भेटायचं नाही. फोनही नाही. मॅडमना जाऊन सांगितलं. त्यांनी वही उघडून त्याचं नाव पाहिलं. मग म्हणाल्या, "त्याची वेळ मी दुसऱ्या कोणाला देणार नाही."

१७ नोव्हेंबर
आला. केस भादरलेले, अंग वाळलेलं. पहाटे उठतो, पांघरूण घडी करतो, सगळ्यांच्या पाया पडतो. वावरात जा म्हटलं की जातो. बाबांनी शेजारच्या रूपरावकाकांना बोलावून दाखवला — "पाहा, झाला का नाई सरळ!" खरं सांगू? मलाही क्षणभर बरं वाटलं.
दुपारी माठाजवळ नुसता उभा होता. "ताई, पाणी पिऊ का?"

२५ नोव्हेंबर
मॅडमकडे येशील का, विचारलं. "तू म्हणशील तर येतो." मॅडम दारापर्यंत आल्या. "आत यायचं की नाही, तू ठरव. नाही आलास तरी मी रागावणार नाही." तो माझ्याकडे बघत राहिला. मी काय सांगते, याची वाट बघत! आत गेलाच नाही. परतताना बसमध्ये मला रडू आवरेना.
"माहं काही चुकलं का, ताई?"

३ डिसेंबर
नीरज केंद्रावर परत गेला. कोणी नेलं नाही, आपणच निघाला. बाबांनी हात जोडले — हात! — तरी थांबला नाही. फाटकापाशी मला म्हणाला, "तिथं काय करायचं ते सांगतात, ताई. मॅडम विचारतात, तुले काय वाटते. मले काहीच वाटत नाई."