पहिल्या बाकावरचा ग्लास

पाळकसाहेब, उद्या प्रभुभोजनाचा ट्रे मला धरायचा आहे आणि आज सकाळपासून माझं कशातच लक्ष नाही. नवे पाळक चर्चच्या पंचांसमोर मला दाखवून म्हणाले, आता ग्लास वाटायला या उभ्या राहतील. कुणी हरकत घेतली नाही. मीच घ्यायला हवी होती. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी घाबरले की मी तुमच्याशीच बोलते. जित्याची खोड, दुसरं काय.

बंगाली मंडळींच्या चर्चमध्ये महिन्यातून एक दुपार आपल्या मराठी उपासनेला मिळायची, आठवतं ना? सगळे बँकेतले, सरकारी कचेऱ्यांतले साहेबलोक, आणि त्यांत मी एकटी डेपोत हमाली करणाऱ्या खलाशाची बायको. बजबजहून लोकल पकडून यायचे, हॉल झाडायचे आणि शेवटी मागच्या स्वयंपाकघरात ते अंगठ्याएवढे काचेचे ग्लास धुवायचे. पहिल्याच महिन्यात प्रभुभोजनाचा उरलेला मनुकांचा रस मी मोरीत ओतायला घेतला आणि तुम्ही दारात उभे. तुम्ही ओरडला नाहीत, पण मला वाटलं, आता भुई दुभंगली तर बरं. तो मोरीत जात नाही, उरला तर आपण प्यायचा, असं म्हणून तुम्ही दोन ग्लास भरलेत. मी म्हटलं, साहेब, मी फक्त धुवायला आलेय. त्यावर तुम्ही म्हणालात, "जिनं धुतले तिनं प्यायचं नाही, हे कुठं लिहिलंय ते मला दाखव." मला मेलीला तेव्हा नीट वाचता तरी कुठं येत होतं! मोरीपाशी उभ्या उभ्या आपण दोघांनी तो रस प्यायला.

मग तुम्ही मला काळ्या मनुका आदल्या दिवशी भिजत घालायला, उकळायला, फडक्यातून पिळायला शिकवलंत. साखर घालायची नाही, कितीही आंबट लागला तरी. पातेलं चुलीवर असायचं आणि मी शेजारी तुमच्यासमोर वचनं वाचत बसायचे, बोट ठेवून, अडखळत. चुकले की तुम्ही हसायचा नाहीत, नुसतं म्हणायचा, परत. तुमचं स्वतःचं उपासनेचं पुस्तक तुम्ही मला दिलंत. ते अजून माझ्याकडेच आहे, कडा काळ्या पडल्यात. आणि वर्षभरानं एके दिवशी तुम्ही सरळ ट्रेच माझ्या हातात दिलात. तुझ्याहून जास्त या ग्लासांना दुसऱ्या कुणी हात लावलाय का, असं म्हणालात.

त्या दिवशी पहिल्या बाकावर बाई बसल्या होत्या. त्यांच्या सॉल्ट लेकच्या क्वार्टरमध्ये मी भांडी आणि पोळ्या करायचे. त्यांचं घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती, वडील शाळेचे हेडमास्तर, आणि मी गावाबाहेरच्या वस्तीतली. उपासनेत सगळ्यांनी एवढंच पाहिलं होतं की बाईंनी ग्लास घेतला नाही. स्वयंपाकघरात तुम्ही मला विचारलंत, त्यांनी हात मागे घेतला का? मी हो अशी मान हलवली. तुमचा चेहरा असा झाला की मला तुमचीच भीती वाटली.

त्याच संध्याकाळी तुम्ही त्यांच्या घरी गेलात आणि नवऱ्यासमोर त्यांना नको नको ते बोललात. दुसऱ्या दिवशी मी कामाला गेले तर बाईंनी नेहमीसारखा चहा दिला, माझ्या कपात, साखर जास्त घालून. मग विचारलं, तू असं सांगितलंस का? मी म्हटलं, मी काहीच बोलले नाही. खोटं नव्हतं ते, साहेब, मान हलवायला बोलावं लागत नाही. पुढच्या महिन्यात मी ते काम सोडलं. बाईंनी चर्च सोडलं. आणि ट्रे मी परत कधी हातात घेतला नाही. कधी ताप, कधी कंबर, कधी नवऱ्याची शिफ्ट. दर वेळी तुम्ही म्हणायचात, बरं, पुढच्या महिन्यात. हॉस्पिटलातही तेच म्हणालात. तुम्हाला वाटत राहिलं, त्या बाईनं या पोरीचं मन मोडलं.

आता बाईंची ऐंशी जवळ आली आहे. न्यू टाउनला मुलीकडे असतात. माझं नाव ठरल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं आणि बुधवारी त्यांचा फोन आला. आवाज तोच, फक्त दम लागतो मध्ये. इतक्या वर्षांत एक शब्द नाही, आणि आता म्हणाल्या, "मी येते आहे. पहिल्याच बाकावर बसेन. या वेळी मला विसरू नकोस." फोन ठेवला आणि तुम्हाला हे पत्र लिहायचं ठरवलं.

कारण त्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी बाईंनी हात पुढे केला होता, साहेब. मीच ट्रे पुढे केला नाही. सकाळी ज्यांचा तवा घासला त्यांना प्रभूचा प्याला कसा द्यायचा, या धास्तीनं माझे पाय थांबलेच नाहीत. त्यांचा हात तसाच राहिला आणि मी दुसऱ्या बाकावर गेले. त्यांनी हळूच तो पदराखाली घेतला, तोच सगळ्यांनी पाहिला. तुम्ही विचारलंत तेव्हा वाटलं, खरं सांगितलं तर हे म्हणतील, हिच्यात दम नाही, हिला मोरीपाशीच ठेवा. तुम्ही तसं कधीच म्हणाला नसतात, हे मला तेव्हाही कळत होतं. तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात आणि माझ्यापायी एका भल्या बाईला दोषी ठरवलंत.

लोकांना वाटतं, कुणी माझ्या हातून ग्लास घेणार नाही म्हणून मी घाबरलेय. बाई घेतील, याचीच मला भीती आहे.

मनुका भिजत घातल्यात. हे पत्र तुमच्या पुस्तकात घडी करून ठेवते, ते कुठं जाणार आहे. उपासनेआधी बाईंची सगळ्यांसमोर माफी मागायची, असं ठरवलंय. पण एक कबूल करते. मघाशी मी नव्या पाळकांना फोन लावला होता, ताप आलाय म्हणून सांगायला. त्यांनी उचलला नाही म्हणून राहिलं.