गोष्टीला हूं म्हणणारा

५ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. त्यात माझ्या शुद्धलेखनाच्या चौदा चुका काढल्यास, पण मी कशी आहे ते विचारायचं राहिलं. मुद्रितशोधक निवृत्त झाला तरी खोड जात नाही हेच खरं.

मी मजेत आहे. टेकडीवरच्या आदिवासी वस्तीत, धान्याच्या जुन्या गोदामात माझा वर्ग भरतो. पाच कॉम्प्युटर, अकरा बाया. त्यांची भाषा आजवर कुणी लिहिलीच नाही. ती आम्ही ब्लॉगवर लिहितो आणि खाली आपल्या भाषेत अर्थ देतो. महिनाअखेर एक तरी गोष्ट पूर्ण झाली नाही, तर संस्था कॉम्प्युटर परत नेणार आहे.

गोष्टी साऱ्या सुईण आजीकडे. एका बोटाने टाइप करते, पण माझ्याहून भरभर. 'एक कासव होतं' एवढं लिहून ती चार दिवस हात मांडीवर ठेवून बसली. संस्थेचे साहेब म्हणाले, तिला कीबोर्ड पुन्हा शिकवा. शेवटी मी तिलाच विचारलं, तर तिने मला वेड्यात काढलं. ऐकणारा 'हूं' म्हणाल्याशिवाय त्यांच्यात गोष्ट पुढे सरकत नाही. बायांचा हूं चालत नाही, त्यांना गोष्ट पाठ आहे. माझाही नाही, मी मास्तरीण. तेव्हा वहिनीच्या फोनवर ब्लॉग उघड आणि खाली हूं लिही. फक्त हूं.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझी धाकटी

१४ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मी लिहिलं, 'पूर्णविराम राहिला आहे. कासवाचे वर्णन अपुरे.' तुझ्या आजीचं उत्तर आलं, 'आधी हूं.' चाळीस वर्षं भल्याभल्या लेखकांना मी चुका दाखवल्या, पण इथे मुकाट्याने हूं लिहिलं. लगेच दुसरं वाक्य आलं. आता मी दिवसभर फोन घेऊन बसतो. तुझी वहिनी म्हणते, जन्मभर मी बोलतेय, तेव्हा यांच्या तोंडून हूं निघाला नाही.

आजीला घाई करू नकोस. मात्र विहिरीत पडलेलं ते कासव वर येतं का, तेवढं विचारून कळव.

तब्येत जप. पत्र धाडत जा.

तुझा दादा

१ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल साहेब रिकामी खोकी घेऊन हजर झाले. शेवटचं एकच वाक्य उरलं होतं आणि तुझा हूं येईना. साहेब स्वतःच हूं टाइप करायला वाकले, तर आजीने त्यांचा हात बाजूला सारला. गोष्ट जो पहिल्यापासून ऐकतो त्याचाच हूं लागतो, म्हणाली. वेळ जाईना म्हणून साहेबांनी खोक्यावर बसून सगळी गोष्ट वाचून काढली. मग त्यांनाही तुझी वाट बघवेना. तासाभराने तुझा हूं आला, सोबत वहिनीची दाढ काढल्याची बातमी. कासव वर आलं. खोकी रिकामी परत गेली. दादा, मी गोदामामागे जाऊन मनसोक्त रडले.

आता मुद्द्याचं. शेवटपर्यंत हूं म्हणणाऱ्याने नंतर आपली गोष्ट सांगायची, असा त्यांचा रिवाज आहे. अकराही बाया तयार बसल्यात. जन्म दुसऱ्यांच्या ओळी सुधारण्यात घालवलास, स्वतःची एक तरी लिही.

वहिनीची दाढ आणि तुझा लोभ, दोन्हींची काळजी घे.

तुझी धाकटी

६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पहिलं वाक्य सहा वेळा खोडलं. शेवटी आत्ता टाकलं, 'एक मुद्रितशोधक होता.'

दहा मिनिटं झाली. वर्गात सगळ्या आहेत ना? कुणी हूं का म्हणत नाही?

तुझा दादा