पेटीबाहेरचं कुसळ

शनिवार, १८ ऑक्टोबर. संध्याकाळ

माझ्या हातची कामं: माळावरच्या सहा पारदर्शक पेट्या, पर्जन्यमापक, तापमापकांची लाकडी घरं. शिकवलं कुणी नाही, पण एकाही सांध्यात सुई जाणार नाही.

पेट्या बऱ्याच वर्षांपूर्वी गवतावर संशोधन करणाऱ्या मॅडमसाठी केल्या. वरून उघड्या, तरी आतली हवा दोन अंशांनी जास्त तापते. पुढे माळ तापला तर गवताचं काय होईल, ते आजच बघायचं. पहिल्या काही वर्षांतच आतलं पवन्या गवत, मेंढरांचा आवडता चारा, मेलं; टोचऱ्या कुसळांचं गवत तेवढं उरलं. बाहेर मात्र पवन्या डोलत होता.

आज बाहेरही कुसळच. आणि बाहेरचा पारा तिथे, जिथे तेव्हा ऑक्टोबरात पेटीतला असायचा.

"मिस्त्री, तापमापक बिघडलाय का?" मॅडमनी विचारलं. एरवी चिडलो असतो. आज वाटलं, बिघडलेलाच निघू दे. वितळत्या बर्फात धरला. बरोबर शून्य.

शेजारी मेंढपाळ बिरूमामा मेंढीच्या जबड्यातली कुसळं काढत बसले होते. "तुमची पेटी समद्या माळावर बसली की वो, मिस्त्री! आता मेंढरं कुटं न्यायची?" हसत म्हणाले. मला हसता आलं नाही. घरी येऊन पाय धुतले, तरी घोट्यात एक कुसळ अजून टोचतंय.

मॅडमना आता चार अंशांनी तापणाऱ्या पेट्या हव्यात. त्याशिवाय पुढचं कळणार कसं? त्यांचं चूक नाही. पण त्या पेटीतलं गवतही बाहेर आलं तर? साठ हजार देऊ म्हणाल्या. मी हे काम नको म्हणालो.