मशीन सुरू होईपर्यंत

२ फेब्रुवारी, सोमवार

चार मिनिटं बारा सेकंद!

स्टॉपवॉच लावून मोजलं, म्हणजे चुकायचा प्रश्नच नाही. परवा शनिवारी कॉम्प्युटरला नवी वेगवान डिस्क बसवून आणली. सोबत नवा कीबोर्डही घेतला, जुन्याची अर्धी अक्षरं पुसली होती. दुरुस्तीवाली म्हणाली, "काका, पापणी लवायच्या आत सुरू होईल." शनिवारी संध्याकाळी घरी आणून लावलं – अकरा सेकंद. मी दोनदा बंद करून दोनदा लावलं, निव्वळ आनंदासाठी. आणि आज सकाळी, नेमक्या वेळी, पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र. माझी पापणी शंभरदा तरी लवली असेल.

साडेसातला नात पडद्यावर येते. सात चाळीसला तिची शाळेची बस. मुलीला बसमध्ये बसवून लेक थेट कामावर जाते, ती रात्रीपर्यंत. म्हणजे आमच्या वाट्याला दिवसाची दहा मिनिटं. त्यातली चार हे मशीन खातं. त्या छोकरीला अजून घड्याळ वाचता येत नाही. चाळीस वर्षं मी लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि माझ्या नातीला साडेचार कळत नाहीत! ही गोष्ट मी बाहेर कुणाला सांगितलेली नाही. शिकवतोय. पण सहा मिनिटांत एखादा काटा जेमतेम शिकवून होतो, की बस येते.

जुनी डिस्कही एवढाच वेळ खायची; नव्या डिस्कचा एवढा हट्ट धरला तो या चार मिनिटांसाठी.

३ फेब्रुवारी, मंगळवार

चार मिनिटं नऊ सेकंद.

शेजारचे निवृत्त प्राध्यापक पेपर मागायला आले होते. त्यांना सांगितलं ही चूकच झाली. "सोपं आहे हो, सव्वासातला सुरू करून ठेवायचं!"

सगळे हेच सांगतात. घड्याळ दहा मिनिटं पुढे लावून ठेवणारी माणसं मला आयुष्यभर आवडली नाहीत. मशीन बिघडलंय, तर मशीन दुरुस्त करायचं. आपण का लवकर उठायचं?

गंमत म्हणजे हिने माझी बाजू घेतली. "बरोबर आहे यांचं. उगीच कशाला आधी लावायचं? तापतं ते." छत्तीस वर्षांच्या संसारात ही चौथी वेळ असेल. मी इतका खूश झालो की प्राध्यापकांना पुरवणीसकट पेपर देऊन टाकला.

४ फेब्रुवारी, बुधवार

दुरुस्तीवालीला फोन केला. स्पीकरवर ठेवला होता.

"काका, तुमचा बूट स्लो आहे."

मी पायाकडे बघितलं. खरंच बघितलं!

"मशीन सुरू होण्याला बूट म्हणतात काका. बुटाचा क्रम तपासायला लागेल, कोण आधी, कोण नंतर."

स्वयंपाकघरातून हिचा आवाज – "बुटांचा क्रम मी दर रविवारी लावते, तुम्हीच उधळता!"

पलीकडे ती बाई इतकी हसली की पुढचं काही सांगताच येईना. शेवटी म्हणाली, मशीनचा डबा घेऊन या.

५ फेब्रुवारी, गुरुवार

डबा घेऊन गेलो. कुठलंही मशीन उघडायच्या आधी चित्र काढायचं, हा माझा दुकानातला नियम. मागच्या सगळ्या वायरींचं चित्र काढलं, नंबर घातले. पडद्याची एक, विजेची दोन, माऊसची तीन, कीबोर्डची चार, कीबोर्डचं ते मागे खोचलेलं नखाएवढं काळं बटण पाच. बटण हरवू नये म्हणून बाटलीच्या झाकणात ठेवलं. बाकीचं वायरींचं जंजाळ घरी, फक्त डबा दुकानात.

तिने तिच्या वायरी जोडल्या. अकरा सेकंद. पुन्हा अकरा. तिसऱ्यांदा दहा!

"मशीन ठणठणीत आहे काका." आणि माझ्याकडे बघण्याची तिची ती पद्धत! ती मी चांगली ओळखतो, कारण ती माझीच आहे. गिऱ्हाईक सांगायचं, "घरी गेलं की मागे पडतं." माझ्या टेबलावर ते घड्याळ आठवडाभर सेकंद चुकायचं नाही. मी भिंग डोळ्यावरून वर सरकवून म्हणायचो, "घड्याळ उत्तम आहे. तुम्ही जरा मनगट हलवत जा." किती जणांना तोंडावर पाडलं असेल मी! आज मान खाली घालून डबा रिक्षात घातला.

घरी येऊन चित्र समोर ठेवलं आणि सगळं जिथल्या तिथे लावलं. एक ते पाच. झाकणातलं बटणसुद्धा.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

चार मिनिटं बारा सेकंद.

पडद्याकडे बघत दात-ओठ खात होतो. आतून हिचं पुटपुटणं चालू होतं. हिला सकाळी भांड्यांशी बोलायची सवय आहे. मध्येच हसतेसुद्धा. निदान घरात कुणाचं तरी बरं चाललंय.

नात आज म्हणाली, "आजोबा, तुम्ही रोज उशिरा का येता?" मी! मी, ज्याच्या दुकानाच्या शटरवर लोक आपली घड्याळं लावायचे!

७ फेब्रुवारी, शनिवार

शाळेला सुट्टी. डबा मीच उघडला. भिंग लावलं, चिमटा घेतला, रबरी फुंकणीने धूळ उडवली. आत बघण्यासारखं काहीच नाही. ना चाक, ना स्प्रिंग, काही हलतच नाही. जे हलत नाही ते अडकणार कसं? दोन तास बघितलं आणि परत बंद केलं.

एक स्क्रू उरलाय.

८ फेब्रुवारी, रविवार

स्क्रूबद्दल कुणाला बोललो नाही. कटिंगला गेलो, तिथे तासभर बसलो. येऊन बघतो तर ही मशीनच्या मागे वाकून पुसतेय. म्हटलं, हात लावू नकोस. म्हणाली, "धूळ किती बसलीय." काल तर मी फुंकली!

९ फेब्रुवारी, सोमवार

सापडलं!

दुपारी दुरुस्तीवाली स्वतः घरी आली. मी चित्रासकट सगळी हकिकत सांगितली (स्क्रू सोडून). तिने खाली बसून मागे बॅटरी मारली.

"हे काय लावलंय काका?"

"ते कीबोर्डचं बटण."

"कीबोर्डला तर वायर आहे."

वायरीचा नंबर चार मीच घातला होता, स्वतःच्या अक्षरात. मग बटण कशाला हवं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. जिथून निघालं तिथेच लावायचं, एवढंच हाताला ठाऊक. मी इतकी वर्षं ज्या शिस्तीची फुशारकी मारली, त्या शिस्तीनेच मी ते भूत दर वेळी परत नेमक्या भोकात बसवत होतो!

तो पेनड्राइव्ह निघाला. लेकीच्या लग्नाचे फोटो होते त्यात, आता अर्धे उघडत नाहीत. "हा खराब झालाय. मशीन सुरू होताना आधी यालाच विचारतं. हा धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही. तेवढा वेळ बिचारं वाट बघत बसतं." तिने तो उपटून माझ्या हातावर ठेवला. बटण दाबलं. अकरा सेकंद.

मी टाळी वाजवली. वळून बघितलं तर ही दारात उभी.

"हा इथे कसा आला गं?"

"मला काय माहीत?" म्हणाली आणि आत गेली. चहा आला त्यात साखर नव्हती. दुरुस्तीवालीने निमूट प्यायला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

साडेसात वाजून अकरा सेकंद. कॉल लावला. लेक दुसऱ्या कॉलवर!

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हिचा आवाज, घाईघाईने – "अगं, लागलं यांचं मशीन. ठेवते, ठेवते." आणि पुढच्या क्षणी लेक पडद्यावर. डोळे जरा लाल. म्हणाली, कांदा चिरत होते. शाळेच्या डब्यात आज जॅम-पाव होता, नातीने उघडून दाखवला.

म्हणजे भांडी नव्हेत. एवढे दिवस भांडी नव्हेत.

११ फेब्रुवारी, बुधवार

पूर्ण दहा मिनिटं! भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची तबकडी पडद्यासमोर धरून सव्वा आणि पावणे शिकवलं. नात ओरडली, "पाहुणे आठ वाजले!" म्हटलं, पाहुणे नाही गं, पावणे. तर म्हणते, "मग कोण आलं?" हसून हसून ठसका लागला मला.

ही माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसली होती. लेकीने विचारलं, "आई, गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर?" हिने एकदा माझ्याकडे बघितलं. "काही नाही, बरंय." मग हिने विचारलं, "तुझं ते?" लेकीने एकदा माझ्याकडे बघितलं. "बघू. नंतर बोलू."

नंतर म्हणजे कधी? रात्री लेक दमून येते, रविवारी जावई समोर असतो, सासूबाई असतात.

आणि हिचा कुठला गुडघा? कधी दाखवला डॉक्टरला? मी याच घरात राहतो ना?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

अकरा सेकंद. हल्ली मोजायला मजा येत नाही.

लेक नातीचे मोजे शोधायला आत गेली होती. नात पडद्याच्या अगदी जवळ आली, नुसतं नाक दिसत होतं. "आजोबा, तुमचं मशीन बिघडलंय का?"

"नाही गं, उलट आता बरं झालंय."

"आधीच छान होतं. तुम्ही यायच्या आधी आई गॅलरीत जायची, दार लावून आजीशी बोलायची. मी तोवर दूध संपवायचे. आता दूध पण तसंच राहतं."

"काय बोलायच्या गं?"

"मला काय माहीत? दार लावलेलं असायचं ना! पण आत आली की आई माझी वेणी हळू घालायची. आता ओढते."

सात चाळीस. बस आली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी हिला विचारलं, गुडघा कुठला? "डावा." कधीपासून? "झाले सहा महिने." मला का नाही सांगितलंस? "सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, जरा हलवत जा."

मनगटासारखं! मी म्हणालोच असणार. मला आठवत नाही, पण वाक्य माझंच आहे.

लाज वाटली. खरं सांगतो, फार लाज वाटली. लेकीचं काय चाललंय ते विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याशी बोलायचं असतं तर ती बोलली असती. मी काय केलं असतं? भिंग लावून दोष शोधला असता. ही ऐकून घेते, मध्येच हसवते, आणि तिकडे एका मुलीची वेणी हळू घातली जाते. चार मिनिटांत ही करते तेवढं काम मला चाळीस वर्षांत जमलं नाही.

त्या चार मिनिटांवर माझा हक्क आहे असं मी धरून चाललो होतो. ती आधीच कुणाच्या तरी नावावर होती.

तरी एक सांगतो – मला त्या मिनिटांचा मोह आहे. पाहुणे आठ अजून पावणे व्हायचे आहेत. दिवसभर विचार केला. पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात आहे, झाकणात ठेवलेला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सात पंचवीसला ही आत पीठ मळत होती. मी हळूच खण उघडला, मशीनच्या मागे वाकलो, पेनड्राइव्ह भोकात घातला. अजिबात आवाज केला नाही.

आतून, मान वर न करता – "वरच्या भोकात लावा हो. खालच्यात तीनच मिनिटं मिळतात. बघितलंय मी."

वरच्यात लावला. चार मिनिटं बारा सेकंद.