रेडिओचा काळा दोरा

आबा, वारंगा फाट्यावरचं आपलं गाड्यांच्या रेडिओ-टेपचं दुकान उघडून मी तुमच्याच स्टुलावर बसली हाय. तुमी गेले तवा मी आठवीत व्हते. मग शाळा सुटली, लगीन झालं, आन आता माझं लेकरू तुमच्या फळीखाली झोळीत झोपून राहिलंय. त्याचे बाबा वसमतकडं कारखान्यावर हायेत. आई म्हनत व्हती, "पोरी, पानवाला दुकान मागून राहिला, देऊन टाकू. वायरी, करंट, आन तान्हं लेकरू." तिचं खोटं न्हाई. लेकरू झाल्यापासून मला साध्या बटनाचंबी भेव वाटतं. मी म्हनलं, आबांपाशी बसून शिकले तेवढ्यावर एक काम करून पाहू दे. बिघडलं तर चावी पानवाल्याला दे.

काम आलं तेबी कसलं. नांदेडचे एक म्हातारे साहेब आले, दोनच मानसांची, बिनटपाची, बुटकी मोटार घेऊन. शर्यतीत पळवायच्या असत्यात तसली, पन लई जुनी. आई म्हनली, "ह्याच्यात बसायचं का पायात घालायची?" साहेब हसले. "पायात घातल्यासारखंच बसावं लागतं, मावशी." त्यांनी गाडी पहिली व्हती तशी करून घेतली व्हती, फकस्त रेडिओची जागा मोकळी. मला म्हनले, "गाडी ज्या काळातली, रेडिओ त्याच काळातला पाहिजे. लोक जुने रेडिओ काढून तुमच्या वडलांकडून टेप बसवून घ्यायचे ना?"

व्हय, आन ते काढलेले तुमी माळ्यावर पोत्यात बांधून ठेवले. आई भंगार म्हनायची. तेच खाली काढले. एक चकचकीत व्हता, बटनं दाबायचा, मला तोच आवडला. पन तुमी सांगायचे, वरून पाहू नको, झाकन काढून पाहा. झाकन काढलं तर आत जुन्या रेडिओत असत्यात ते काचेचे दिवे न्हाईत, म्हंजी नंतरचा. दुसरा जड, फिरवायच्या दोन कानांचा, आत दिवे. साहेबांची गाडी दिव्याच्याच काळातली. आन त्याच्या वायरीला काळा दोरा.

आई म्हनली, "तेवढा सोडू नको, तुझ्या बापानं नजर लागू नये म्हनून बांधला." समदा फाटा तसंच समजायचा. मीबी समजत व्हते, म्हनून तर लहानपनी एकदा तसलाच दोरा सोडून बाहुलीच्या पायात बांधला. तुमी कधी आवाज चढवला न्हाई, त्या दिवशी चढवला. "काहून सोडला? तो नजरेचा न्हाई, वळखायला हाय. ह्या रेडिओचं प्लस गाडीच्या बॉडीला जातं. उलटं जोडलं की जळतंय समदं." मी रडाया लागले. तुमी चहा सांगितला, बशीत वतून मला पाजला, आन रिळातून नवा दोरा तोडून हातात दिला. "हा तुझ्या बाहुलीला. रेडिओचा रेडिओला राहू दे."

आबा, त्या दिवशी तुमी वरडले नसते तर मी आता ह्या गाडीत आग लावली असती. हल्लीच्या समद्या गाड्यांचं मायनस बॉडीला असतं, माझा हात त्याच सवयीनं गेला असता. साहेबांना इचारलं, "तुमच्या गाडीत बॉडीला काय जातं?" ते म्हनले, "प्लस. बराबर विचारलंत." मग हाच रेडिओ बसवायचा.

रेडिओ साफ केला, आतले कंडेन्सर बदलले. परवा साहेब आले. लेकराची झोळी मी आईच्या खाटेपाशी लांब बांधली, आन जोडला. स्क्रू दोनदा खाली पडला. कान फिरवला तर आवाजच न्हाई. साहेब म्हनले, "गेला वाटतं." आईनं माझ्याकडं पाहिलं, मग पानवाल्याच्या टपरीकडं. मला तुमचं ऐकू आलं, दिवे तापू दे, तवर हात लावू नको. म्हनून मी हात पाठीमागं धरून उभी राहिले. लेकरू रडून राहिलं व्हतं तरी हालले न्हाई. मग आतून बारीक घुर्र झालं, आन एक बाई बोलाया लागली, हळदीचे गड्डे सडतात त्याचं औषध सांगून राहिली व्हती. साहेब त्या बुटक्या गाडीत बसून समदं ऐकत राहिले, जशी त्यांचीच हळद सडली. लेकरूबी गप झालं.

संध्याकाळी पानवाला आला. आई त्याला म्हनली, "पोरगी बसती दुकानात. तिला तकलीफ देऊ नको."

हे लिहून ठेवते, पाठवू कुठं. एक सांगायचं राहिलं. रेडिओला मी नवा दोरा बांधून दिला, पुढच्याला कळावं म्हनून. तुमच्या हातचा जुना लेकराच्या पायात बांधलाय. तो नजरेचा न्हाई, मला ठावं हाय. तरीबी बांधलाय.